ऊल्बियोच्या म्हाताऱ्याला विधवा मिळेना

ऊल्बियो इंत्रियागो पहिल्यांदा प्रसिद्धीला आला तो मेंढी म्हणून.

चर्चमधलं नाताळचं नाटक होतं. त्याला मिळालेली भूमिका म्हणजे गोठ्यातली, मागच्या रांगेतली मेंढी. काम एकच, गप्प बसायचं. देवदूत झालेली मुलगी मेंढपाळांना लांबलचक निरोप सांगायला लागली, तशी ही मेंढी मागून रांगत आली आणि तिने देवदूताच्या पंखाचा लचका तोडला. पंख कापसाचे होते. कापूस घशात अडकला, मेंढीला ठसका लागला, पाद्रीबाबा पाठीत धपाटे घालायला धावले, आणि अख्खं चर्च हसून हसून बाकांवरून घसरलं. घरी जाताना आईने त्याचा कान धरला होता. पण तो कान तसाच हातात धरून ती आमच्या ला बोकिता गावातल्या प्रत्येक दारात थांबली आणि तीच गोष्ट रंगवून सांगत पोट धरून हसली. कान लालभडक, पोरगा खूश.

पुढे मोठा होऊन तो जाळी विणायला लागला. फाटलेली जाळी सांधण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याने सांधलेलं जाळं कुठे फाटलं होतं ते शोधूनही सापडायचं नाही. पण सापडतच नाही अशा गोष्टीबद्दल कोण काय बोलणार? कोळी यायचे, जाळं खांद्यावर टाकायचे, जायचे. त्याच कोळ्यांना ऊल्बियोने पाद्रीबाबांचं गाढव निळं रंगवलं तेव्हा मात्र बोलायला दिवस पुरला नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे म्हातारा जाळतात. जुने कपडे, आत लाकडाचा भुसा, वर कागद आणि खळीचा मुखवटा. सरत्या वर्षात ज्याने सगळ्यांना छळलं त्याचा चेहरा या म्हाताऱ्याला द्यायचा, दुपारभर त्याला खुर्ची टाकून रस्त्यात बसवायचं आणि मग पेटवून द्यायचं. गावातले बाप्ये काळे झगे चढवून, छातीत मोसंबी कोंबून त्याच्या विधवा होतात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात पडून रडतात, "कसा होता हो माझा मेला!" आणि मेल्याने काय काय केलं ते मोठमोठ्याने सांगत नाणी मागतात. हेतू हा की त्या माणसाला लाज वाटावी.

ऊल्बियोला वाटायची नाही. तो स्वतःच्या म्हाताऱ्याशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसायचा.

गावचे म्हातारे बनवायची माझी मेल्बामावशी, गावाच्या तोंडी दोन्या मेल्बा, म्हणजे मेल्बाबाई. कोणाचाही चेहरा तिला जमतो, पण ऊल्बियोचा जो जमायचा तो काही औरच. ज्या वर्षी त्याने लग्नातल्या भाजलेल्या डुकराला नवरीची ओढणी घातली, त्या वर्षीचा तिचा म्हातारा बघायला शेजारच्या गावांतून लोक होड्या करून आले होते. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत मिळून सर्वोत्तम म्हाताऱ्याला चषक मिळतो. मावशीच्या फळीवर ते चषक ओळीने उभे आहेत, आणि त्यातला एकूण एक ऊल्बियोच्या नाकाच्या जोरावर आलेला. त्या नाकाचा तिने मातीचा साचाच करून ठेवला होता.

तरी हा बाबा समाधानी नाही.

"दोन्या मेल्बा, या वेळी नाक जरा कमी पडलं हो."

"तुझं आहे तेवढंच लावलंय."

"अहो, पण लांबून दिसायला नको? शेवटच्या रांगेतही माणसं असतात!"

जाळायची वेळ झाली की विधवा टाहो फोडायच्या, फटाके उडायचे, लोक टाळ्या वाजवायचे आणि ऊल्बियो आपल्याच आगीपुढे उभा राहून वाकून वाकून सलाम करायचा. मग जानेवारीत इतर लोक दारू सोडायचे, आणि हा डिसेंबरच्या तयारीला लागायचा.

तर त्या वर्षी त्याने विसेंताचा गाडा समुद्रात घातला.

विसेंता मोरेइरा हिच्या एन्सेबोयादोशिवाय ला बोकिताला जाग येत नाही. ट्यूना, युकाचा कंद, वर लिंबू पिळलेला कांदा. या रश्श्याचा वाडगा पोटात गेला की मगच आमच्या गावाला आपलं नाव आठवतं. होड्या उतरवायच्या उताराच्या तोंडाशी तिचा तीनचाकी गाडा उभा असायचा. ऑक्टोबरातली सुट्टीची सकाळ होती, किनाऱ्यावर ही गर्दी. ऊल्बियोने चाकाखालचा दगड काढला, उडी मारून गाड्यावर बसला, पातेल्याचं झाकण डोक्यावर घातलं आणि "सम्राट निघाले!" म्हणत उतारावरून थेट समुद्रात. कांदे तरंगायला लागले. कुठून कुठून पेलिकन आले, ट्यूना मटकावायला लागले. मधोमध छातीभर पाण्यात सम्राट, डोक्यावर झाकण.

लोक इतके हसले की काहींना वाळूत बसावं लागलं.

वर विसेंता उभी होती. हातात ओगराळं तेवढं राहिलं होतं.

गाडा बुडाला तो उताराच्या खालच्या चिखलात रुतून बसला. विसेंता घरच्या चुलीवर रस्सा करून पातेलं हातांनी उचलून आणायला लागली. पातेलं लहान, त्यामुळे निम्मा गाव उपाशी जायचा, आणि तिचे गुडघे तर बोलायलाच लागले होते. ती गेली तेनिएंतेकडे. तेनिएंते गालो म्हणजे आमच्या गावातला सरकारचा शेवटचा माणूस. कोंबडी कुणाची इथपासून भिंत कुणाची इथपर्यंतचे सगळे तंटे तोच मिटवतो.

"काय रे ऊल्बियो, गाडा समुद्रात कसा गेला?"

"वारा," ऊल्बियो म्हणाला.

"वारा?"

"फार वारा होता, तेनिएंते."

"आणि तू वर बसला होतास ते?"

"वजन टाकून थांबवायला बघत होतो."

"आणि डोक्यावर झाकण?"

"म्हटलं ना, वारा होता. झाकण उडालं असतं."

साक्षीदार बोलावले. गावचा न्हावी रोज गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून ही गोष्ट हातवाऱ्यांसकट सांगायचा, गिऱ्हाइकं जीव मुठीत धरून हसायची. तो म्हणाला, "कांद्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, साहेब. काहीच दिसलं नाही." बाकीच्यांच्याही डोळ्यांत कांदाच गेला होता. जो हसला होता तो आता साक्ष कोणत्या तोंडाने देणार?

"विसेंता," गालो टेबलावरचा शिक्का इकडून तिकडे ठेवत म्हणाला, कारण त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता, "कबुली नाही, साक्षीदार नाही. आता मी काय वाऱ्याला आत टाकू?"

"मला गाडा हवाय," विसेंता म्हणाली. "आणि त्याने, त्याच्या हातांनी आणून दिलेला हवाय."

डिसेंबर लागला. आमच्या गल्लीने मावशीला केव्हाच सांगून टाकलं होतं की या वर्षी काटकसर नको. गाडा, समुद्र, पेलिकन, मधोमध सम्राट. चषक आलाच म्हणून समजा! ऊल्बियो माप द्यायला येऊन बसला. मान वर, हनुवटी पुढे, नाक खिडकीच्या उजेडात. मावशीने खळीत हात घातला आणि तेवढ्यात दारात विसेंता, कमरेवर रिकामं पातेलं.

"दोन्या मेल्बा, याचा म्हातारा करू नका."

"अगं, तुझ्यासाठीच करतेय! भर रस्त्यात जाळू की मेल्याला."

"जाळता कुठे? मिरवता. गेल्या वर्षी हा स्वतःच्या आगीपुढे सलाम ठोकत होता."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या," ऊल्बियो मान न हलवता म्हणाला. "मग नको का वाकायला? काही रीतभात असते की नाही?"

विसेंता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मला एक सांग. गावात एवढ्या वस्तू आहेत. माझाच गाडा का?"

ऊल्बियोने खरोखर विचार केला. तो वाईट माणूस नाही. विचारलं की विचार करतो.

"तो उताराच्या तोंडाशी असतो ना. सगळीकडून दिसतो. आणि दोन्या मेल्बा गेल्या वर्षी म्हणाल्या होत्या, काहीतरी मोठं कर रे बाबा, तेच तेच करून मलाही कंटाळा आलाय."

मावशीचा खळीतला हात थांबला.

"मी कधी म्हटलं?"

"चषक पुसताना."

मावशीने फळीकडे पाहिलं. चषक चकचकीत होते. तिचा चेहरा बघून घरातली मांजरं उठून बाहेर गेली. मग तिने खळीचा हात झग्याला पुसला, नाकाचा साचा उचलला आणि विसेंताच्या पातेल्यात टाकला. ठणकन आवाज झाला.

"घेऊन जा घरी. इथे राहिला तर माझा मला भरवसा नाही."

"दोन्या मेल्बा!" ऊल्बियो खुर्चीवरून उठला. "माझं नाक!"

"तुझं तुझ्यापाशी आहे. ऊठ. मला मच्छर करायचाय."

"मच्छर?"

"या वर्षी गावाला खरा ताप कुणी दिला? डेंग्यूने. मच्छराचा म्हातारा होईल."

"मच्छराला कुणी ओळखतं का?"

"चावल्यावर ओळखतात."

गल्लीवाले बोंबलत आले. मच्छराला चषक मिळतो का कुठे! मावशी म्हणाली, नाही मिळणार, आणि तारेचे पाय वळत राहिली. तिला तो मच्छर मुळीच आवडला नव्हता. मी बघत होते. त्याला सोंड लावताना तिचा हात आपोआप ऊल्बियोच्या नाकाचा बाक द्यायचा, आणि ती शिव्या घालत ती सोंड सरळ करायची.

ऊल्बियोने अजून आशा सोडली नव्हती. त्याला वाटलं, गाडा जुना झाला, नवीन काहीतरी हवं. तो गाढवावर उलटा बसून गावभर फिरला. कोंबड्याला टोपी घातली. बँडच्या तुताऱ्यांत कुस्करलेली केळी भरली. सराव सुरू झाला तेव्हा पहिल्या सुराबरोबर केळं उडून ढोलवाल्याच्या कपाळावर बसलं.

पण विसेंताने पातेल्यावर ओगराळं आपटून जाहीर केलं होतं, "ऊल्बियोकडे बघून जो हसेल, त्याला रस्सा नाही."

माणसांचे हाल बघवत नव्हते. ओठ चावत, नखं खात, आकाशाकडे बघत लोक उभे राहायचे. न्हावी एकदा चर्चच्या मागे पळत गेला, तिथे भिंतीला डोकं टेकून मनसोक्त हसला, तोंड धुतलं आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून रांगेत परत आला.

"काही झालं का?" विसेंताने विचारलं.

"कुठे काय? वाडगा भरा."

टोपीतला कोंबडा तेवढा जोरात आरवला. त्याला रस्सा नको होता.

एकतीस तारखेच्या दुपारी रस्त्यावर खुर्च्या मांडल्या गेल्या. मच्छर आला. पाय लांब, सोंड सरळ, डोक्यावर तेवढी मावशीने मनाच्या समाधानासाठी हॅट ठेवली होती. आणि समोरून ऊल्बियो आला, पाठीवर काहीतरी घेऊन. त्याने आपला म्हातारा आपणच बनवला होता.

जाळं विणणाऱ्या हाताला चेहरा जमेलच असं नाही. डोकं उकडलेल्या युकासारखं झालं होतं. एक डोळा कपाळावर, दुसरा चुकून हनुवटीजवळ. खळ वाळायच्या आत निघाल्यामुळे नाक वाटेतच पडलं होतं. पण अंगातला सदरा ऊल्बियोचा होता आणि तो मोठ्या ऐटीत शेजारी उभा होता.

लोक थांबले, वाकून बघायला लागले.

"बटाटा आहे का?"

"नाही हो, आपले आधीचे पाद्रीबाबा वाटतात. शेवटी शेवटी असेच दिसायचे."

"मी आहे!" ऊल्बियो ओरडला.

"तू तर हा उभा आहेस."

एक म्हातारी आली, तिने छातीवर क्रूस केला, म्हाताऱ्याच्या पायाशी मेणबत्ती लावली आणि पुटपुटली, "संत अंतोनियो, कपाटाची किल्ली सापडू दे रे बाबा."

"आजी, मी संत नाही!"

"तुला कोण म्हणतंय?" आजी म्हणाली.

तिकडे मच्छराला विधवा मिळाली होती. ती म्हणजे दरवर्षीप्रमाणे तेनिएंते गालो. रडण्यात त्याच्यासारखा माणूस किनाऱ्यावर नाही. काळा झगा, काळी ओढणी, छातीत मोसंबी, गालावर काजळाचे ओघळ. "चावरा होता हो माझा!" तो न्हाव्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होता. "पण रोज संध्याकाळी न चुकता घरी यायचा!"

ऊल्बियोने त्याचा झगा ओढला. "गालो, इकडे ये. माझ्यासाठी रड."

"मी या वर्षी मच्छराची आहे."

"दरवर्षी माझी असतेस!"

"दरवर्षी तुझा म्हातारा ओळखू यायचा. या युकासाठी काय म्हणून रडू? विधवेला काही माहिती लागते. मेल्याने काय काय केलं?"

"तुला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असेल? मला तू सांगितलंस, वारा होता."

ऊल्बियोने इकडे तिकडे पाहिलं. रस्ता माणसांनी भरलेला. पुढे कोळी, मागे होडी करून आलेले परगावचे लोक, त्यामागे रस्ता वळतो तिथवर डोकीच डोकी. शेवटची रांगसुद्धा भरलेली. एवढी माणसं, आणि त्यातलं एकही त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे मच्छराकडे. त्याला ते सहन झालं नाही. तो म्हाताऱ्याच्या खुर्चीवर चढला, एक पाय म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"विसेंताचा गाडा मी ढकलला! वाराबिरा काही नव्हता! पान हलत नव्हतं! दगड मी काढला, वर मी बसलो, झाकण मी घातलं! सम्राट मी होतो! मी!"

आणि हात पसरून थांबला.

हसू आलं नाही. टाळी आली नाही. कोपऱ्यात पातेल्याजवळ विसेंता उभी होती, ओगराळं हातात, आणि सगळा गाव तिच्याकडे बघत होता. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच. न्हाव्याने मान खाली घातली. दूर कुठेतरी एक फटाका फुसकन विझला.

गालोने नाक पुसलं. ओढणी मागे सारली. आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "ऊल्बियो इंत्रियागो, ही कबुली समजू?"

"कसली कबुली? तू बाई आहेस!"

"मी तेनिएंते आहे."

"छातीत मोसंबी आहेत तुझ्या!"

"मोसंबी खाजगी आहेत. कान सरकारी आहेत."

"मी देतो साक्ष," न्हावी एकदम म्हणाला. "मी पाहिलं होतं. कांदाबिंदा काही नव्हता." त्याच्यामागून आणखी चारदोन हात वर झाले. मग पुष्कळ.

गालोने तिथेच, एका हाताने घसरणारं मोसंबं सावरत, निकाल दिला. गाडा ऊल्बियोने काढायचा, दुरुस्त करायचा आणि विसेंताचे गुडघे बरे होईपर्यंत रोज सकाळी ढकलत उतारापर्यंत न्यायचा.

"आणि माझा म्हातारा?" ऊल्बियोने खुर्चीवरूनच विचारलं. आवाज बारीक झाला होता. "जाळणार ना?"

"जाळू नका," विसेंता म्हणाली. "मला लागेल तो."

मच्छर जळला. चषक शेजारच्या गावाला गेला. फळीवर नव्यासाठी मोकळी ठेवलेली जागा तशीच राहिली, आणि मावशी आठवडाभर कोणाशी नीट बोलली नाही.

जानेवारीत ऊल्बियोने जाड दोराचं जाळं विणलं. ओहोटीला चिखलात उतरून त्याने ते गाड्याखाली सरकवलं, चारी टोकं होड्यांना बांधली, होड्या निघाल्या. बघायला सगळे आले होते. हसायला बंदी होती, पण हसण्यासारखं काही नव्हतंच. दोर कुरकुरले, चिखलाने मचकन आवाज केला आणि गाडा वर आला. पातेल्यात खेकडा बसला होता. जाळ्याचा एक धागा सुटला नव्हता.

विसेंताने गाड्याकडे नंतर बघितलं. आधी तिने वाकून जाळ्याची एक गाठ अंगठ्याने दाबली. मग दुसरी.

"गाठ चांगली आहे," ती म्हणाली.

ऊल्बियोने तोंड उघडलं. हा माणूस पाद्रीबाबांनाही उलट उत्तर देतो. पण आता तो हातातला दोर गुंडाळायला लागला. त्याचे कान लाल झाले, आईने कान धरला होता तेव्हासारखे, आणि या वेळी कोणी धरलेलेही नव्हते.

"दुहेरी आहे," तो शेवटी म्हणाला.

"दिसतंय."

त्याचा म्हातारा आता गाड्याशेजारी बांबूला बांधलेला असतो, पेलिकनांना घाबरवायला. पेलिकन घाबरत नाहीत. त्यातला एक जाडा रोज सकाळी त्याच्या डोक्यावर येऊन बसतो. परगावचे लोक येतात ते त्याचाच फोटो काढतात, आणि गाडा ढकलणारा ऊल्बियो चडफडत म्हणतो, "निदान नाक तरी लावू द्या त्याला!" नाकाचा साचा विसेंताने कापलेल्या कांद्यावरचं फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवलेला असतो. वारा आमच्याकडे खरंच असतो अधूनमधून.

पुढच्या डिसेंबरात तो मावशीच्या दारात उभा राहिला. मावशी भुसा भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझा नाही."

"माहीत आहे हो." तो घुटमळला. "भुशाचं पोतं तळाला फाटलंय तुमचं. सगळीकडे सांडतंय. शिवून देऊ?"

उंबऱ्यात बसून त्याने पोतं शिवलं. मावशीने ते उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरलं, कुठे फाटलं होतं ते शोधायला चष्मा लावला. सापडलं नाही. तिने चष्मा काढला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वा रे ऊल्बियो!"

ऊल्बियोने झटकन मागे वळून बघितलं, कोणी ऐकलं का. मागे फक्त मी होते, आणि माझं तोंड रश्श्याने भरलेलं होतं. म्हणून मी वाडगा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

तो वाकला.